राजाश्रय, लोकाश्रय आणि परत घेतलेला पुरस्कार

६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागाने २०२१ या वर्षाचे यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार अनघा लेले यांना, कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगस्मरणांच्या मराठी अनुवादासाठी देण्यात आला होता. १२ डिसेंबरला शासननिर्णय निघाला. पुरस्कार रद्द झाला, एक लाख रुपयांची रक्कम मागे घेण्यात आली आणि ज्या समितीने ही निवड केली ती समितीही बरखास्त करण्यात आली. कारण दिले गेले ते 'प्रशासकीय'. सहा दिवसांत प्रशासनाला असा कोणता साक्षात्कार झाला, हे त्या कागदावर नाही.

त्यानंतर जी चर्चा झाली ती या घटनेपेक्षाही अधिक अभ्यासनीय आहे, कारण मराठी वाङ्मयव्यवहाराची आश्रयाविषयीची जाणीव किती जुनी आणि किती ढिली आहे हे तिच्यातून उघडे पडले. एका पक्षाचे म्हणणे असे, की शासनाचा पैसा म्हटला की लगाम आलाच. लेखकाने मुळात हात पसरावाच कशाला? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्याने दिले त्याला परत घेण्याचाही अधिकार आहे. पैसा करदात्यांचा असल्याने तो कोणत्या पुस्तकावर खर्च व्हावा हे लोकनियुक्त शासनच ठरवील. वरवर पाहता ही दोन टोके दिसतात. वस्तुतः त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघेही पुरस्काराला दान समजतात, शासनाला दाता समजतात आणि लेखकाला याचक समजतात. एकाचा सल्ला याचकाने स्वाभिमानी व्हावे असा, दुसऱ्याचा त्याने कृतज्ञ व्हावे असा, एवढाच फरक. याचकत्वाची कल्पनाच मुळात चुकीची आहे, असे म्हणणारा आवाज या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

या वैचारिक आळसाचे मूळ राजाश्रय आणि लोकाश्रय या जोडीत आहे. मराठी समीक्षेने ही जोडी इतक्या वेळा वापरली आहे, की तिची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. राजाश्रय म्हणजे मिंधेपण, लोकाश्रय म्हणजे निर्मळता. राजाश्रय म्हणजे उत्तर पेशवाईतील लावणी, लोकाश्रय म्हणजे अभंग. शिवरायांचा नजराणा तुकोबांनी परत पाठविला, ही परंपरेने जपलेली कथा या जोडीची आद्य प्रतिमा होऊन बसली आहे. परंतु जो वारकरी संप्रदाय लोकाश्रयाचे निखळ उदाहरण म्हणून सांगितला जातो, त्याच्या पालखी सोहळ्याचे आजचे रूप शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी घडविले आणि अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही माउलींच्या पालखीपुढे चालतात. यात संप्रदायाचा उणेपणा नाही. उणेपणा आहे तो आश्रयाचे दोनच खण करून सगळा इतिहास त्यांत कोंबणाऱ्या समीक्षेचा.

शिवाय आज 'लोक' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायचे ते आहेत तरी कोण? तंबूत तिकीट काढून तमाशा पाहणारा प्रेक्षक हा लोकाश्रयाचा निदान एक मूर्त अर्थ होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या बाबतीत मात्र 'लोक' म्हणजे बहुतेक वेळा स्वागताध्यक्ष, आणि स्वागताध्यक्ष म्हणजे स्थानिक राजकारणी, साखर कारखान्याचे चालक किंवा खासगी शिक्षणसंस्थेचे सर्वेसर्वा. शासनाचे अनुदान नाकारून संमेलन 'लोकवर्गणीतून' करण्याच्या घोषणा अधूनमधून होतात. ती लोकवर्गणी शेवटी कोणाच्या धनादेशाने पुरी होते हे सर्वांना माहीत असते आणि कोणीही बोलत नाही. १९९९ च्या मुंबई संमेलनाच्या वेळी पंचवीस लाखांच्या शासकीय अनुदानावरून बाळासाहेब ठाकरे यांनी साहित्यिकांची जी संभावना केली, तिने मराठी लेखक योग्य रीतीने दुखावला गेला. पण त्या अपमानातून निघालेला निष्कर्ष 'मग पैसा नकोच' असा भावनिक होता. तो टिकला नाही. अनुदान पुढे वाढतच गेले आणि २०२३ च्या वर्धा संमेलनाच्या सुमारास ते पन्नास लाखांवरून दोन कोटींवर नेण्यात आले. त्या पैशाचा हिशेब आणि त्यामागच्या अटी यांविषयी बोलणारा मात्र कोणी नव्हता.

खरे तर मराठीत या प्रश्नाची मांडणी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच याहून अधिक नेमकी झाली होती. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर इंग्रज सरकारने ती एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला आणि उरलेली हळूहळू आटत गेली. १८४९ मध्ये लोकहितवादींसह पुण्यातील सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी खर्च व्हावा. सनातन्यांनी त्यांच्याविरुद्ध काहूर माजविले. या अर्जाचे महत्त्व केवळ सुधारणेच्या इतिहासापुरते नाही. दक्षिणा ही जन्माने मिळणारी देणगी. तिच्या जागी ग्रंथासाठी मिळणारे पारितोषिक मागणे म्हणजे दानाची कल्पना मोडून सार्वजनिक निधीची कल्पना उभी करणे होते. हे पैसे राजाचे नाहीत, रयतेचे आहेत आणि म्हणून ते रयतेच्या भाषेत लिहिणाऱ्यावर खर्च व्हावेत, हा विचार त्या अर्जाच्या पोटात होता. दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली ती या घडामोडीतून.

याच कमिटीकडे १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पाठविले. ते नाकारले गेले. 'गुलामगिरी'त (१८७३) फुल्यांनी त्याची हकीगत नोंदविली आहे. तिचा आशय असा, की कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही. हे नाटक त्यानंतर शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभाची चर्चा करताना एका पारितोषिक समितीच्या नकाराने केवढे अंतर पाडले, याचा हिशेब आपल्या नाट्येतिहासांनी अजून पुरता मांडलेला नाही. आश्रय हा कलाकृतीच्या बाहेरचा आर्थिक तपशील असतो असे मानणाऱ्यांनी एवढे एकच उदाहरण पुरेसे मानावे. येथे आश्रयाच्या नकाराने एका वाङ्मयप्रकाराची वंशावळच बदलून टाकली.

परंतु या हकीगतीतून निघणारा खरा बोध आजच्या शुद्धतावाद्यांना अडचणीचा आहे. फुल्यांनी सरकारी पारितोषिक विटाळलेले आहे असे म्हटले नाही. ते त्यांनी मागितले होते आणि मागण्याचा आपला अधिकार आहे असे ते समजत होते. त्यांची तक्रार समितीत कोण बसले आहे, ते कोणाच्या हितासाठी निर्णय घेतात आणि तो निर्णय कोणाला जाब देतो, याविषयी होती. पैशाच्या उगमापेक्षा निर्णयाच्या रचनेकडे बोट दाखविणारी ही टीका आहे. २०२२ मधील बहुतांश लेख १८५५ च्या या भानापर्यंतही पोहोचलेले नाहीत.

स्वतंत्र महाराष्ट्राने काय केले? १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाने केलेले काम मोठे आहे. ज्या ग्रंथांना खासगी प्रकाशकाने हातही लावला नसता असे कितीतरी ग्रंथ त्याच्यामुळे मराठीत आले. विश्वकोशाचा प्रकल्पही प्रथम त्याच्याच छत्राखाली सुरू झाला. ते अमान्य करणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही या संस्थेची घडण एका मूलभूत दोषासह झाली. ती कायद्यावर उभी नव्हती, परस्परविश्वासावर उभी होती. मुख्यमंत्री सुसंस्कृत आहेत, अध्यक्ष विद्वान आहेत, दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे. मग नियम कशाला हवेत? या भाबड्या समजाची किंमत पुढे चुकवावी लागली. सुसंस्कृत मुख्यमंत्र्याच्या जागी दुसरा आला की विश्वासावर उभी असलेली स्वायत्तता एका शासननिर्णयाने संपते. २०२२ मध्ये परत घेतलेला पुरस्कार यशवंतरावांच्या पुरस्कारमालेतला आणि तर्कतीर्थांच्याच नावाचा असावा, या योगायोगात उपरोध शोधण्याची गरज नाही. तो त्या घडणीचा सरळ परिणाम आहे.

आणि हे प्रथमच घडत नव्हते. आणीबाणीच्या अनुभवावरील विनय हर्डीकर यांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या पुस्तकाची निवड परीक्षकांनी केलेली असताना अंतुले यांच्या शासनाने पुरस्कार नाकारला. त्या काळातील शासनविरोधी रोषातून १९८१ मध्ये अकोल्याच्या संमेलनाच्या वेळी मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समांतर संमेलन भरले. निषेध बाणेदार होता, भाषणे चांगली झाली, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. पुढे काय? परीक्षक समितीचा निर्णय शासनावर बंधनकारक राहील, असा नियम झाला नाही. तसा नियम व्हावा अशी चिकाटीची मागणीदेखील झाली नाही. एकेचाळीस वर्षांनी तोच प्रसंग, तीच तळमळ आणि जवळजवळ तेच अग्रलेख.

येथे मराठी लेखकाच्या एका लाडक्या सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी स्वागताध्यक्ष यशवंतरावांच्या उपस्थितीत आणीबाणीविरुद्ध जे केले, ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील निर्विवाद धैर्याचे कृत्य होय. परंतु त्या कृत्याची दंतकथा करून आपण तिच्या आडोशाला बसलो आहोत. प्रत्येक नव्या संकटात 'आज दुर्गाबाई हव्या होत्या' असे म्हणायचे आणि घरी जायचे. व्यक्तीच्या धैर्यावर भिस्त ठेवणारा निषेध आणि व्यक्तीच्या सुसंस्कृतपणावर भिस्त ठेवणारे मंडळ ही एकाच मनोवृत्तीची दोन रूपे आहेत. दोन्हींत संस्थेचा विचार नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो हलका नाही. संस्थेला कायद्याचे कवच दिले म्हणजे ती सुटते काय? ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलला १९४६ मध्ये राजसनद मिळाली. मंत्र्याने हातभर दूर राहावे हे तत्त्व तेथे रूढ झाले, तरी सदस्यांची नेमणूक आणि अनुदानाचा आकडा शासनाच्याच हाती राहिला. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने कलेसाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाला. मेपलथॉर्प आणि सेरानो यांच्या छायाचित्रांवरून १९८९ मध्ये वादळ उठले आणि १९९० मध्ये त्याच कायद्यात 'सभ्यतेच्या सर्वसाधारण निकषां'ची तरतूद घालण्यात आली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. म्हणजे कवच म्हणून आणलेला कायदाच लगाम होऊ शकतो. अगदी अलीकडचे उदाहरण कासेलच्या डॉक्युमेंटाचे. २०२२ मध्ये तारिंग पाडी या इंडोनेशियन समूहाचे भव्य चित्रफलक ज्यूविरोधी प्रतिमांच्या आरोपावरून झाकून मग उतरविण्यात आले. पुढच्या डॉक्युमेंटाच्या दिग्दर्शकाची निवड करणाऱ्या समितीत मुंबईचे कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे होते. त्यांनी २०१९ मध्ये एका निवेदनावर केलेल्या सहीवरून ज्यूविरोधाचा आरोप झाला. संघराज्याच्या संस्कृतिमंत्र्यांनी अर्थसाहाय्याचा प्रश्न उभा केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये होस्कोटे यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत उरलेली समितीही बाहेर पडली. सधन, लोकशाहीवादी, आपल्या सांस्कृतिक स्वायत्ततेचा अभिमान बाळगणाऱ्या देशात हे घडले.

म्हणून कायदा पुरेसा नाही, हे मान्य. पण या उदाहरणांतून आपल्याकडे जो निष्कर्ष काढला जातो, की सर्वत्र सारखेच आहे, तो मात्र आळशी आहे. अमेरिकेत सभ्यतेच्या तरतुदीला चार कलावंत न्यायालयात आव्हान देऊ शकले. हरले, पण शासनाला आपली बाजू न्यायालयापुढे मांडावी लागली आणि निकाल कारणांसह छापला गेला. कासेलमधील आरोप, पत्रे, राजीनामे सगळे सार्वजनिक झाले आणि त्यांवर जगभर वाद झाला. मुंबईत 'प्रशासकीय कारण' हे दोन शब्द आहेत. निवडीचा अधिकार कोणत्याही आश्रयदात्याकडे राहणारच. सर्व पुस्तकांना पुरस्कार देता येत नाहीत. निवड आणि माघार या दोन कृती मात्र एका जातीच्या नाहीत. निवड हा अभिरुचीचा निर्णय असू शकतो. जाहीर केलेली निवड मागे घेणे हा सत्तेचा निर्णय असतो आणि त्याला लेखी, तपासता येण्याजोगे कारण लागते. मराठीतील सगळा वाद या भेदाच्या अलीकडेच घुटमळत राहिला.

खासगी पैसा हा यावरचा उतारा आहे असे सुचविणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्यासाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये हान्स हाके यांचे प्रदर्शन उघडण्यापूर्वी रद्द करणारे गुगेनहाइम संग्रहालय सरकारी नव्हते. न्यूयॉर्कमधील घरमालकीचे व्यवहार कलाकृती म्हणून मांडणे तेथील संचालकांना रुचले नाही. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या सॅक्लर कुटुंबाचे नाव लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये दालनांवरून उतरविले, तेही छायाचित्रकार नॅन गोल्डिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांच्या दालनांत ठाण मांडल्यावर. शासनाच्या समितीत कोण आहे हे निदान माहितीच्या अधिकारात विचारता येते. एखाद्या उद्योगसमूहाच्या न्यासाला कोणता मराठी लेखक काय विचारणार आहे?

एक आश्रय असा आहे की ज्याचा उल्लेख या चर्चेत जाणूनबुजून टाळला जातो, कारण चर्चा करणारे बहुतेक त्याच्याच सावलीत बसलेले असतात. तो म्हणजे विद्यापीठ. साठोत्तरी अनियतकालिकांनी प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराला दिलेला धक्का खरा होता. चक्रमुद्रित पानांनी मराठी कवितेची भाषा बदलली. पण त्या बंडखोरांचा चरितार्थ कोणी जाहिरातसंस्थेत, कोणी महाविद्यालयात चालला होता, याचे समाजशास्त्र कोणी लिहिले? मराठी समीक्षेला गेल्या अर्धशतकात मिळालेले सर्वांत मोठे अनुदान म्हणजे प्राध्यापकाचे वेतन. त्या वेतनाच्या अटी बदलल्या तेव्हा समीक्षेची घडणही बदलली. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी लेखाला गुण दिले. २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी आली, २०२५ मध्ये ती गुंडाळण्यात आली. या पंधरा वर्षांत किती लेख गुणांच्या हिशेबाने लिहिले गेले, किती नियतकालिकांनी लेखकाकडूनच पैसे घेऊन ते छापले, हे वाचकांना सांगावयास नको. बोर्द्यूच्या सांस्कृतिक भांडवलाच्या संकल्पनेवर मराठीत परिसंवाद होतात. त्या परिसंवादाचा प्रवासखर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो हा प्रश्न मात्र असभ्य मानला जातो. साहित्याचे समाजशास्त्र आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांतील समाजचित्रणाच्या पलीकडे फारसे गेले नाही, याचे एक कारण येथे असावे.

डिसेंबर २०२२ मध्ये काही जणांनी केलेली कृती मात्र या संभ्रमातून बाहेर पडणारी होती. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपल्याला मिळालेले पुरस्कार नाकारले. नीरजा, प्रज्ञा दया पवार यांच्यासारख्यांनी शासकीय समित्यांवरील पदे सोडली. हा त्याग म्हणून गौरविला गेला. त्याकडे कराराचा भंग झाल्यावर दुसऱ्या पक्षाने करारातून बाहेर पडणे म्हणून पाहिले, तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. परीक्षकांच्या निवडीचा मान राखला जाईल, या अटीवर लेखक पुरस्कार स्वीकारतो. ती अट शासनाने मोडली, म्हणून पुरस्कार नाकारला गेला. यात याचक कोठेही नाही.

सत्तेला हा अर्थ बरोबर कळतो. २०१५ मध्ये कलबुर्गी यांच्या हत्येनंतर देशभरातील तीसहून अधिक लेखकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत केले. त्याची आठवण ठेवून जुलै २०२३ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने शिफारस केली, की पुरस्कार देण्यापूर्वी लेखकाची संमती घ्यावी आणि राजकीय कारणासाठी तो परत करणार नाही असे हमीपत्र त्याच्याकडून लिहून घ्यावे. देणाऱ्याला सहा दिवसांत, दोन शब्दांच्या कारणावर परत घेण्याची मोकळीक. घेणाऱ्यावर मात्र जन्मभर परत न करण्याचे लेखी बंधन. या शिफारशीला उत्तर म्हणून आपल्या साहित्यसंस्थांना उलट बाजूचे हमीपत्र शासनाकडून मागता आले असते: परीक्षकांची नावे आणि अहवाल प्रसिद्ध होतील, जाहीर झालेला निर्णय मंत्रालय बदलणार नाही आणि समिती मुदतीपूर्वी बरखास्त करावयाची झाल्यास सकारण आदेश काढावा लागेल. तीन कलमे, अर्ध्या पानाचा मजकूर. २०२३ च्या वर्धा संमेलनात अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर यांनी शासनाच्या हस्तक्षेपाविषयी स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदविली होती. ते स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. असा मसुदा करून द्यावा अशी विनंती त्यांना त्या मांडवात कोणी केली असती, तर एका बैठकीत तो तयार झाला असता.